मोटार शर्यत बघायला जाणाऱ्या राजारामपुरीकरांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

मोटारींची शर्यत ज्यांनी आजवर फक्त टीव्हीवर पाहिली आणि तरीही जनता बझार चौकात उभं राहून ‘हॅमिल्टननं टायर दोन लॅप उशिरा बदलले, तिथंच सगळं फिसकटलं’ असं छातीठोकपणे सांगितलं, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. पहिल्या गल्लीपासून तेराव्या गल्लीपर्यंत असे जाणकार कमी नाहीत. त्यांच्या ज्ञानाबद्दल शंका नाही. फक्त ट्रॅकच्या कुंपणापाशी ते एकदाही उभे राहिलेले नाहीत, एवढीच किरकोळ उणीव आहे. ती कशी भरून काढायची, हे पुढं सांगितलं आहे.

कोल्हापूरकराला शर्यत बघायला शिकवावं लागत नाही, असा एक समज आहे. बैलगाडी शर्यतीपुरता तो खरा आहे. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिल्यापासून त्या पुन्हा जोरात आहेत, आणि बैलांच्या बरोबरीनं मोटारसायकल पळवत ओरडत जाण्याचा सराव आपल्याकडच्या पोरांना उपजतच असतो. मोटार शर्यतीत ही सोय नाही. तिथं प्रेक्षकानं जागेवर थांबायचं असतं. नवशिका इथंच पहिल्यांदा गडबडतो.

कुठं जायचं, हे आधी ठरवा

मनात फॉर्म्युला वन असेल तर थोडं उशिरा जागे झालात. ते भारतात तीनदा येऊन गेलं. ग्रेटर नोएडातल्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर ३० ऑक्टोबर २०११ ला पहिली शर्यत झाली, पुढच्या दोन ऑक्टोबरांत आणखी दोन, आणि तिन्ही सेबॅस्टियन व्हेटेलनं जिंकल्या. पहिल्या वर्षी पहिल्याच सरावाच्या वेळी ट्रॅकवर भटकं कुत्रं शिरलं, लाल झेंडा निघाला आणि सराव थांबवावा लागला. रात्री उशिरा टाकाळ्यावरून स्कूटरनं घरी येणाऱ्याला यात विशेष काही वाटायचं नाही, पण युरोपातून आलेल्या मंडळींना फार वाटलं. शर्यत संपल्याचा चौकटीचा झेंडा सचिन तेंडुलकरनं हलवला. २०१३ साली व्हेटेलनं तिथंच चौथं विश्वविजेतेपद पक्कं केलं आणि आनंदाच्या भरात गाडी मुख्य रस्त्यावर जागच्या जागी गरगरा फिरवली. नियम मोडला म्हणून त्याच्या संघाला २५ हजार युरो दंड झाला. आपल्याकडं हायवेवरच्या मोकळ्या जागेत पोरं हाच प्रकार करतात, तेव्हा दंड पाचशे रुपयांवरून घासाघीस करत खाली आणतात.

पुढं उत्तर प्रदेश सरकारला शर्यत हा खेळ वाटेना, करमणूक वाटली. करमणूक म्हटलं की कर आला, कर आला की कोर्ट आलं. २०१३ नंतर फॉर्म्युला वनच्या गाड्या तिथं शर्यतीला फिरकल्या नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये मोटो जीपीच्या दुचाकी मात्र धावल्या.

फॉर्म्युला वनच्या त्या पहिल्या शर्यतीला ज्यांनी जायचं मनावर घेतलं, त्यांची खरी परीक्षा ट्रॅकवर नव्हती, दिनदर्शिकेत होती. २०११ ला लक्ष्मीपूजन २६ ऑक्टोबरला, भाऊबीज २८ ला आणि शर्यत ३० ला. कोल्हापूरहून दिल्लीला जाणारी निजामुद्दीन गाडी आठवड्यातून एकदा. नाहीतर मिरज गाठून गोवा एक्स्प्रेस धरायची, म्हणजे दिल्ली दीड दिवसाच्या आसपास. बहिणीनं ओवाळलेलं निरांजन विझायच्या आत ताटात पाकीट टाकून पळ काढावा लागणार. ज्या भावांनी तो काढला, त्यांना पुढच्या भाऊबीजेला काय वाढलं गेलं, याची नोंद कुठं नाही.

सिंगापूर आणि अबुधाबी हे पर्याय आहेत. सिंगापूरला २००८ मध्ये फॉर्म्युला वनची पहिली रात्रीची शर्यत झाली, गावातल्या रस्त्यांवरच. पैसे असतील तर खुशाल जा. तिथं सगळं सहल कंपनी करून देते, त्यामुळं मार्गदर्शिकेला काही काम उरत नाही.

हैदराबादला हुसेन सागराच्या काठी ११ फेब्रुवारी २०२३ ला विजेच्या मोटारींची शर्यत झाली. हैदराबाद जवळ, भाषा ओळखीची, बिर्याणी जगजाहीर. पण विजेच्या गाड्यांना इंजिनाचा आवाज नाही. गाडी समोरून गेली आणि सायलेन्सर ऐकू आला नाही, तर कोल्हापूरकराच्या पदरात काय पडलं? शिवाय पुढच्या वर्षीची शर्यत रद्द झाली, त्यामुळं हा वाद आपोआप मिटला.

राहिला चेन्नईचा ट्रॅक. या मार्गदर्शिकेची शिफारस तीच आहे, आणि तिला कारण आहे.

मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ चा. आधी शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर त्यांच्या शर्यती व्हायच्या, पुढं श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला क्लबनं स्वतःचा ट्रॅक बांधला. एक फेरी पावणेचार किलोमीटरला थोडी कमी. देशातल्या राष्ट्रीय शर्यतींचं हे जुनं आणि मुख्य ठिकाण. मायकल शूमाकरचा मुलगा मिक फॉर्म्युला वनला पोचण्याआधी एमआरएफच्या मालिकेत इथं गाडी चालवून गेला आहे.

आता आपल्या कामाची गोष्ट. उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव, कागल असा आपला जो हायवे जातो, तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८. दिल्लीहून निघालेला हा रस्ता मुंबई-पुणे करत आपल्या दारावरून जातो, पुढं बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बंगळूर, वेल्लोर घेत चेन्नईत संपतो. इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक याच रस्त्यालगत आहे. म्हणजे राजारामपुरीतून निघून शाहू नाक्यावरून हायवेला लागायचं, कागलची दिशा धरायची आणि नऊशे-साडेनऊशे किलोमीटर रस्ता सोडायचा नाही. डाव्या-उजव्या बाजूला ह्युंदाईच्या कारखान्याच्या पाट्या दिसू लागल्या की गाडीचा वेग कमी करायचा. देशातल्या राष्ट्रीय शर्यतींच्या मुख्य गावाला पोचायला आपल्याला पत्ता विचारायचीही गरज नाही, आणि तरी आपण ग्रेटर नोएडाच्या आठवणी काढत बसतो.

घरची परवानगी

‘मी गाड्यांची शर्यत बघायला चेन्नईला चाललोय’ हे वाक्य घरात उच्चारू नका. या वाक्याला ‘का?’ असा एक प्रश्न येतो आणि त्याला आजवर कुणालाही उत्तर सापडलेलं नाही.

त्याऐवजी म्हणा, ‘बालाजीला जाऊन यावं म्हणतोय.’

कोल्हापुरात या वाक्याला विरोध होत नाही. अंबाबाई आणि तिरुपती यांचं नातं घरोघर मानतात, आणि दोन्ही गावांना जोडायला रेल्वेनं हरिप्रिया एक्स्प्रेस ठेवली आहे. छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर बसलं की मिरज, बेळगाव, हुबळी, बळ्ळारी, गुंतकल करत दुसऱ्या दिवशी तिरुपती. तिथून इरुंगट्टुकोट्टई सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, टॅक्सीनं तीनेक तास. शर्यतीच्या नादाला इतकी धार्मिक रेल्वेगाडी देशात दुसऱ्या कुठल्या गावाला मिळालेली नाही.

अडचण एकच आहे. तुम्ही बालाजी म्हणालात की आतल्या खोलीतून आवाज येतो, ‘अहो, मग मी पण येते. आणि आईंचं किती दिवस चाललंय, त्यांना घेऊया की.’ आई लगेच म्हणते, ‘माझं राहू दे बाळा, पाय दुखत्यात,’ आणि दुसऱ्या दिवशी पिशवी भरायला लागते. तिसऱ्या दिवशी मेहुण्याचा फोन येतो, ‘दाजी, चार तिकिटं आमची पण बघा की.’ आता शर्यत सुटली हातातून, असं नवशिक्याला वाटतं.

घाबरू नका. भूगोल तुमच्या बाजूनं आहे. श्रीपेरुंबुदूर हे रामानुजाचार्यांचं जन्मगाव, तिथं आदिकेशव पेरुमाळाचं मोठं देऊळ आहे. आईंची सोय झाली. त्याच हायवेपासून जवळ, अलीकडं कांचीपुरम आहे. कांचीपुरमला कामाक्षी आहे, एकांबरेश्वर आहे आणि कांजीवरम साड्यांची दुकानं आहेत. देवळं बघून होतात. दुकानं बघून होत नाहीत. सकाळी दहाला बायको, मेहुणी आणि मेहुण्याची आई एकदा त्या दुकानात बसल्या की संध्याकाळी पाचपर्यंत तुम्ही कुठं आहात हे कुणी विचारत नाही. राष्ट्रीय शर्यतींचा दिवसही साधारण तेवढाच असतो. खर्च वाढतो, हे खरं. पण फॉर्म्युला वनच्या ग्रँडस्टँडचं तिकीट आणि कांजीवरम साडी यात साडी घरात राहते.

एक पथ्य पाळा: देवाचं नाव घेतलं असेल तर देवाला जा. लाडू आणल्याशिवाय घरी परतता येणार नाही, शेजारी पाच घरी वाटावा लागतो, आणि तो लाडू कोल्हापुरात विकत मिळत नाही.

सोबती कोण घ्यायचे

प्रथम व्हॉट्सॲपवर ग्रुप काढा. नाव ‘आमचं ठरलंय’ ठेवा. दुसरं नाव ठेवलं तरी कुणीतरी बदलून हेच ठेवतो. पहिल्या रात्री ग्रुपवर वीस-बावीस जण असतात आणि सगळे ‘फिक्स’ असतात. कोण कुठल्या गाडीतून येणार, वाटेत हुबळीला जेवायचं की धारवाडला पेढा खायचा, यावर शंभर निरोप पडतात. मग तुम्ही लिहिता, ‘आगाऊ प्रत्येकी दोन हजार जमा करूया.’ त्यानंतर ग्रुपवर शुभ सकाळची फुलं येऊ लागतात.

शेवटी उरतात ते चौघे. यांचे प्रकार ठरलेले आहेत. एकाला गाड्यांतलं खरंच कळतं. तो बोलत नाही. दुसऱ्याला काही कळत नाही. तो थांबत नाही. तिसरा फक्त जेवायला आलेला असतो आणि प्रवासात सर्वांत उपयोगी तोच ठरतो. चौथा उद्यमनगरातला. हा चौथा सोडू नका. त्याचं काम पुढं येणार आहे.

गाडीनं जाणार असाल तर चालक कोण, हे लेखी ठरवा. शर्यतीला जाताना प्रत्येकाला आपण शर्यतीत आहोत असं वाटतं. कागल ओलांडून कर्नाटकचा गुळगुळीत रस्ता लागला की निम्म्यांच्या अंगात व्हर्स्टापेन येतो. त्यांना एवढंच सांगा: बुद्ध सर्किटवर व्हेटेलनं ६० फेऱ्यांचे ३०७ किलोमीटर दीड तासात कापले. कोल्हापूरहून निघालात तर ते अंतर लोणावळ्याच्या पुढं भरतं. त्याच्या रस्त्यावर समोरून उसाची ट्रॉली येत नव्हती. आपण दीड तासात कराडला चहा घेत असतो, आणि तोच आपल्याला झेपणारा वेग आहे.

सामान

भडंग, कांदा-लसूण चटणी, धपाटे. यावर चर्चा नको. चटणीचा डबा पिशवीत आडवा ठेवू नका, इतर कपडे पांढरे असतील तर मुळीच नको. चेन्नईला पोचेपर्यंत इडली-सांबार दोन दिवस छान वाटतं. तिसऱ्या दिवशी चौघांतला सर्वांत शांत माणूस डोळ्यांत पाणी आणून विचारतो, ‘चटणी हाय का रे थोडी?’ तांबड्या रश्श्याचा विषय कुणी काढला तर त्याला गाडीतून उतरवा.

पायात बूट घाला. कोल्हापुरी चप्पल जगप्रसिद्ध आहे, पण चेन्नईच्या दुपारी डांबरावर तिचं कौतुक पायाला जाणवत नाही. टोपी, पाण्याच्या बाटल्या, रुमाल. छत्री नेऊ नका, मागचा माणूस तमिळमध्ये जे बोलेल त्याचा अर्थ समजल्याशिवाय राहणार नाही. पावसाचं जॅकेट न्या. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबरपासून असतो, आपला संपल्यावर. जूनमध्ये भिजून झालं म्हणजे वर्षाचा कोटा संपला, असं समजून जाणारे तिकडं पुन्हा भिजतात.

कानांत घालायला बोळे घ्या, असं प्रत्येक इंग्रजी पुस्तकात लिहिलेलं असतं. गणेश चतुर्थीला राजारामपुरीत आगमनाच्या मिरवणुका निघतात, त्या दिवशी आपल्या मुख्य रस्त्यावर डॉल्बीच्या भिंतीसमोर ज्यानं दोन तास काढले, त्याला हा सल्ला लागू नाही. लहान मुलं बरोबर असतील तर मात्र त्यांच्यासाठी नक्की घ्या. त्यांचे कान अजून शाबूत असतात.

ट्रॅकवर

नवशिका पहिल्यांदा सरळ रस्त्याच्या कडेला जागा धरतो, कारण गाडी तिथं सर्वांत जोरात जाते. हीच चूक. गाडी जोरात जाते म्हणजेच ती दिसत नाही. फॉर्म्युला वनची गाडी ताशी तीनशे किलोमीटरनं जाते तेव्हा एका सेकंदात ऐंशीहून जास्त मीटर कापते. एका जागेवरून ती फेरीला चार-पाच सेकंद दिसली तरी नशीब. ६० फेऱ्यांचे मिळून पाच मिनिटं. उरलेला दीड तास तुम्ही रिकामा रस्ता, त्यापलीकडचं गवत आणि समोरच्या माणसाची टोपी बघत असता. ग्रँडस्टँडचं तिकीट किती, याचा या पाच मिनिटांनी भागाकार करू नका, परतीचा प्रवास कडू होतो.

म्हणून जागा वळणावर धरा, तीही लांब सरळ रस्त्यानंतरच्या आवळ वळणावर. तिथं प्रत्येकाला ब्रेक मारावाच लागतो. कोण आधी मारतो, कोण छातीवर दगड ठेवून शेवटपर्यंत थांबतो, कोण आतून घुसतो, कोण घाबरून बाहेर फेकला जातो, हे सगळं तिथं उघड्या डोळ्यांनी दिसतं. शर्यत म्हणतात ती हीच. सरळ रस्त्यावर नुसतं इंजिन पळतं.

आणि इथंच राष्ट्रीय शर्यतीचं पारडं जड होतं. फॉर्म्युला वनच्या रविवारी मुख्य शर्यत एक. इरुंगट्टुकोट्टईला एका दिवसात आठ-दहा फेऱ्यांच्या छोट्या छोट्या शर्यती एकापाठोपाठ एक असतात: आपल्या रस्त्यावर दिसणाऱ्या सेडान, हॅचबॅक गाड्या, मग एकासनी फॉर्म्युला गाड्या. मधल्या वेळात गाड्या उभ्या असतात तिथवर जाता येतं. वीस-बावीस वर्षांचं पोरगं हेल्मेट काढून कोपऱ्यात बसून केळं खात असतं, बाजूला त्याचा बाप टायरचा दाब मोजत असतो. ग्रेटर नोएडात तुम्ही पहारेकऱ्याच्या पलीकडं जाऊ शकला नसता.

झेंडे ओळखायला शिका. पिवळा म्हणजे पुढं धोका, वेग कमी, कुणी कुणाला ओलांडायचं नाही. लाल म्हणजे शर्यत थांबली. निळा म्हणजे मागून एक फेरी पुढं असलेली गाडी येतेय, तिला वाट द्या. निळा झेंडा बघून कोल्हापूरकर प्रेक्षक हमखास बुचकळ्यात पडतो. मागून आलेल्याला आपण होऊन वाट द्यायची, ही कल्पना दाभोळकर कॉर्नरपासून तावडे हॉटेलपर्यंत अजून कुणी मांडलेली नाही.

फॉर्म्युला वनमध्ये चार चाकं बदलायला लागलेला सर्वांत कमी वेळ १.८० सेकंद, मॅक्लारेननं २०२३ मध्ये कतारला तो विक्रम केला. ही माहिती परतल्यावर पंक्चरवाल्याला सांगू नका. ‘साहेब, त्यांच्याकडं वीस माणसं हायत. आमच्याकडं एक पोरगं, ते पण चहा आणायला गेलंय.’ त्याचं म्हणणं खोटं नाही.

उद्यमनगरच्या माणसाचं काम

फॉर्म्युला एलजीबीची गाडी समोर उभी राहिली की चौघांतला चौथा पुढं सरकतो, खाली वाकतो आणि म्हणतो, ‘अरे, हे मारुतीचं इंजिन हाय की.’ बरोबर आहे. त्या गाड्यांना मारुती सुझुकीचं १३०० सीसी इंजिन बसवलेलं असतं, जे आपल्या कुठल्याही गॅरेजात उघडून ठेवलेलं सापडेल. नवशिक्याला इथं पहिल्यांदा धक्का बसतो. ज्या जादूसाठी नऊशे किलोमीटर आलो, तिचं इंजिन आपल्या शेजारच्या गल्लीत सर्व्हिसिंगला येतं.

एलजीबी हे कोइम्बतूरच्या एका कंपनीचं नाव. ती साखळ्या बनवते. कोइम्बतूर गावाबद्दल इथं जरा थांबायला हवं. कापडगिरण्या, पंप, ओतकाम, हातानं मशीन बनवणारे कारागीर: हे वर्णन नाव न घेता वाचलं तर माणूस कोल्हापूरचंच समजेल. त्या गावात कापड उद्योगातल्या घरातला एस. करिवर्धन नावाचा माणूस होऊन गेला. परदेशातून गाड्या मागवायला परवडत नाही आणि शर्यतीचा नाद तर सुटत नाही, म्हणून त्यानं मारुती ८०० चं इंजिन घेऊन गावातच एकासनी शर्यतीची गाडी बनवली. तिला फॉर्म्युला मारुती म्हणत. त्या स्वस्त गाडीमुळं मध्यमवर्गीय घरातल्या पोरांना शर्यतीत उतरणं शक्य झालं. १९९५ मध्ये हवाई अपघातात तो गेला. २००३ मध्ये कोइम्बतूरजवळ चेट्टिपाळयमला जो ट्रॅक उभा राहिला, त्याला त्याचंच नाव आहे: कारी मोटर स्पीडवे. भारतातून फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला माणूस नारायण कार्तिकेयन, २००५ साली जॉर्डन संघाकडून, तोही कोइम्बतूरचाच.

आपल्याकडं काय कमी होतं, असा प्रश्न उद्यमनगरचा माणूस परतीच्या वाटेवर वेल्लोरच्या आसपास विचारतो आणि बंगळूरपर्यंत कुणी बोलत नाही. ओतकाम आपल्याकडं उत्तम, लेथवर हात बसलेले कारागीर आपल्याकडं, गाडीचा शौक तर राजघराण्यापासून: ज्या राजाराम महाराजांच्या नावानं आपली राजारामपुरी वसली, त्यांची मेबॅक मोटार दसऱ्याच्या सोहळ्यात आजही लोक पायाच्या टाचा उंचावून बघतात. पंपांची इंजिनं आपण देशभर विकली. शर्यतीची गाडी मात्र केली नाही. माझ्या मते कारण साधं आहे. करिवर्धननं नादावर पैसे घातले. आपण नादावर चर्चा घातली.

अगदीच काही झालं नाही, असंही नाही. हुपरी रस्त्यावर मोहिते मंडळींनी कार्टिंगचा ट्रॅक बांधला आणि राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या कोल्हापुरात होऊ लागल्या. कार्ट म्हणजे जमिनीला चिकटलेली, छोट्या इंजिनाची उघडी गाडी. फॉर्म्युला वनमधले जवळपास सगळे चालक लहानपणी हिच्यावरच शिकले. त्या घरातला ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या शर्यतींतून पुढं आला, आणि आपल्या गावचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला. देशभरातून पोरं आणि त्यांचे आईबाप हुपरी रस्त्यावर येऊन गेले. राजारामपुरीतून तिथं जायला अर्धा तास पुरतो. जनता बझार चौकातल्या जाणकारांपैकी किती जण त्या शर्यती बघायला गेले, हे त्यांनाच विचारावं लागेल, आणि विचारताना थोडं लांब उभं राहावं.

म्हणून नवशिक्यांना शेवटची सूचना क्रमानं पहिली पाळायची आहे. चेन्नईच्या आधी हुपरी रस्ता करा. भाड्याची कार्ट घ्या, हेल्मेट घाला आणि पाच मिनिटं चालवा. खाली उतरल्यावर मनगटं दुखतील, मान दुखेल, आणि टायर दोन लॅप उशिरा का बदलले याबद्दलचं मत बरंच मवाळ होईल.

त्यानंतर चेन्नई. राष्ट्रीय शर्यतींच्या तारखा क्लब जाहीर करतो, त्या बघा. गणपती, दसरा आणि सासरची लग्नं त्यातून वजा करा. जो शनिवार-रविवार उरेल तो धरा. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सुटतं. हरिप्रियाचं तिकीट काढायला बसलात की परतीचं आधी काढा, जायचं नंतर, आणि मेहुण्याला दोन्ही काढून झाल्यावर सांगा.